ओली भिंत

पहिल्या दिवशी रचनाला वाटलं, आपलंच चुकलं असेल.

सकाळी कामाला निघताना ती मोरीतला नळ उघडा ठेवून जायची. बाळकुमच्या जुन्या गावठाणात पाणी यायचं भर दुपारी, आणि दुपारी ती माजिवड्याच्या डेंटल लॅबमध्ये मेणाचे दात कोरत बसलेली असायची. म्हणून नळाखाली ड्रम, नळ उघडा. पाणी आलं की आपोआप भरेल, जास्तीचं मोरीतून वाहून जाईल. एकटीच्या संसारात असल्या युक्त्या लागतातच. पण त्या संध्याकाळी ती आली, तर ड्रम काठोकाठ भरलेला आणि नळ बंद. नुसता बंद नाही, जोर लावून पिळून बंद केलेला.

आता, नळ आपण सोडला होता की नाही हे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? घाईत विसरलो असू, कालचंच पाणी असेल. तिनं स्वतःला समजावलं, चहा टाकला आणि आईला फोनवर सगळं बरं आहे म्हणून सांगितलं.

मग एक दिवस दोरीवरचा टॉवेल घडी होऊन कॉटवर सापडला. घडी नीट, काठाला काठ जुळवून. रचना टॉवेल कधीच घडी करत नसे, खुर्चीच्या पाठीवर टाकायची. दाराला कुलूप तसंच होतं, खिडकी आतून लावलेली, पैसे जागच्या जागी. चोर आला असता तर तिला इतकी भीती वाटली नसती. चोराला काय हवं असतं ते आपल्याला ठाऊक असतं. पण कुलूप उघडून आत येणारा आणि टॉवेलाची घडी करून जाणारा माणूस? त्याला काय हवं असेल?

खोली देताना एजंट महिपतनं तिच्या हातात चाव्या ठेवल्या होत्या. ‘‘दोनच चाव्या, दोन्ही तुझ्याकडं. बिनधास्त राहायचं.’’

तिला पहिल्यांदा आठवला तो तानाजी. घरमालकीण रतनमावशींचा मुलगा. मावशी शेजारच्याच घरात एकट्या राहत, मधे फक्त एक भिंत. तानाजी समोरच्या टॉवरमध्ये राहायचा. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं दिलेला फ्लॅट, गळ्यात जाड साखळी, खाली बुलेट. रचना राहायला आली त्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला होता, ‘‘काय लागलं तर हाक मारायची. मी असतोच हितं-तिथं.’’ बोलला साधंच. पण आता ते ‘असतोच’ तिच्या कानात दिवसभर बुलेटसारखं धडधडत राहिलं.

ती दाराच्या कडीला आतून खुर्ची लावून झोपायला लागली. सकाळी उठली की जबडा दुखायचा. दातांवर दात आवळून झोपणाऱ्यांच्या दाढा कशा झिजतात, हे रोज साच्यांमध्ये पाहणारी ती, आता स्वतःच्या दाढा जिभेनं चाचपायला लागली.

आणि मग तो फोटो.

भिंतीतल्या कपाटात, हँगरला लावलेल्या कपड्यांच्या मागे, तिनं एक चौकट ठेवली होती. बुद्ध आणि बाबासाहेब, दोघं एकाच चौकटीत. ती पहिल्या नोकरीला लागली तेव्हा आबांनी, तिच्या वडिलांनी, मोहन्याच्या घरून स्वतः आणून दिलेली. चौकटीची एक खिट्टी तुटलेली, त्यामुळे ती कायम डावीकडे कलून उभी असायची. त्या संध्याकाळी ड्रेस काढायला कपाट उघडलं, तर चौकट सरळ उभी. तुटक्या खिट्टीखाली पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा नीट दुमडून सरकवलेला.

रचना खाली बसली.

कोण येतंय, हा प्रश्न एकदम मागे पडला. जो कोणी येतोय, त्याला आता कळलंय.

आधीच्या दोन खोल्या तिच्या हातून अशाच गेल्या होत्या. पहिल्या ठिकाणी आडनाव ऐकून गप्प बसलेल्या बाईनं गाव विचारलं, मग कुलदैवत विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा अचानक शिकायला येणार असल्याचं निघालं. दुसरीकडे चार महिने राहिली. एप्रिलात जयंतीसाठी मोहन्याला जायला पांढरी साडी नेसून बाहेर पडली आणि परतली तेव्हा मालकांना खोलीची रंगरंगोटी करायची होती. कोणी शिवी दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही. म्हणून तर भांडायलाही काही सापडलं नाही. तिसऱ्या वेळी महिपत म्हणाला, ‘‘जाधव ना? बस झालं. विचारलं तर सांग, नाय तर गप राहा.’’ रतनमावशींनी विचारलंच नाही. रचना गप्प राहिली.

आणि आईनं घरी निक्षून सांगून ठेवलं होतं, ही खोली गेली की तू घरी. मोहन्यातून रोज ये-जा कर, नाही जमलं तर नोकरी सोड, तसंही ते सावंतांचं स्थळ थांबलंय. रचनाला स्थळाचा राग नव्हता. तिला हवी होती ती स्वतःच्या चावीनं उघडणारी एक खोली. संध्याकाळी येऊन, कोणाशी न बोलता, पाय पसरून चहा पिता येईल एवढी. एवढ्याशा सुखावर आता कोणाचीतरी बोटं फिरली होती.

तिनं आईला फोन केला. भीतीनं तोंडातून निघूनच गेलं.

‘‘कपाटात?’’ आई मधेच म्हणाली. बाकी काही तिनं ऐकलंच नाही. ‘‘बाबासाहेबांना कपड्यांच्या मागं कोंडून ठेवलंस तू?’’

‘‘आई, अगं कोणीतरी घरात येतंय माझ्या...’’

‘‘येऊ दे. आबांना सांगू मी हे? कंपनी बंद पडली तेव्हा वॉचमनकी केली तुझ्या बापानं, पण घरातला फोटो कधी भिंतीवरनं उतरवला नाही.’’

‘‘तुमचं स्वतःचं घर होतं!’’

आई हळूच म्हणाली, ‘‘दार नीट लावून घे गं. आणि जयंतीला ये.’’

तिच्या भीतीत आणखी एक गाठ होती, ती तिनं आईला सांगितलीच नाही.

पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी रतनमावशी तोंड धरून दारात बसल्या होत्या. नवी कवळी, खालचा काठ हिरडीला घासत होता. रचनानं लॅबमधून छोटी कानस आणली, काठ घासून गुळगुळीत केला, तोंडात बसवून दिला. मावशींनी चणे खाऊन बघितले. दातांचा डॉक्टर ज्यासाठी सारखा उद्या ये, परवा ये करत होता, ते घरबसल्या झालं म्हणून म्हातारी अशी खूश झाली की तिनं रचनाच्या गालावरून बोटं उतरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली.

‘‘पोरी, आता माजा एक काम कर. गावदेवीची पालखी येल ना दारात, तवा तू ओवाल. सून बालंतपनाला माहेरी. मी अशी कपाल पांढरा झालेली, मना चालत नाय. घरची लेक समजून तू ओवाल. करशील ना गो?’’

रचना हसली होती. ‘‘बघू ना मावशी,’’ म्हणाली होती. मावशींनी ते ‘हो’ धरलं, आणि गल्लीत चार जणींना सांगूनही टाकलं.

आता ओवाळावं, तर आबांच्या समोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? लहानपणी विहारात बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणताना सगळ्यात खणखणीत आवाज तिचा असायचा. आणि ओवाळलं, आणि मागाहून गल्लीला कळलं, तर? देवीच्या पालखीला हिनं हात लावला, नाव लपवून लावला, असं म्हणतील. मग नुसती खोली जाणार नाही. मग काय काय जाईल, याचा विचार ती पुरा करूच शकत नव्हती.

लॅबमध्ये मृणाल तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. रचनाच्या हातातला साचा दुसऱ्यांदा खाली पडला तेव्हा तिनं खुर्ची ओढली.

‘‘काय झालंय तुला? डॉक्टर कुलकर्ण्यांच्या पेशंटला सुळ्याच्या जागी दाढ लावलीस तू. माणूस हसला की घाबरतील लोक.’’

रचनानं सगळं सांगितलं. मृणाल ऐकता ऐकता गंभीर झाली.

‘‘हाफ डे टाक. आत्ता जा. पाणी दुपारीच येतं ना? म्हणजे तो दुपारीच येत असणार.’’

‘‘आणि असला तर?’’

‘‘तर मला फोन लावून चालू ठेव. मी ओरडेन इथून.’’

‘‘तू माजिवड्यावरून ओरडणार?’’

‘‘माझा आवाज ऐकलायस ना तू?’’

दोघी हसल्या. हसून झाल्यावर रचनानं पर्स उचलली.

रिक्षातून उतरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गल्ली सुनसान. पापलेटाच्या टोपलीवर ओलं फडकं टाकून कोळीण सावलीला पेंगत होती. कोपऱ्यावर तानाजीची बुलेट उभी होती. रचनाचा हात पर्समध्ये गेला आणि मेण कोरायच्या सुरीभोवती आवळला. ती काय कामाची, ती लोण्यापलीकडे काही कापत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

दाराला कुलूप होतं, पण उघडं. कडीला लोंबकळत, त्यात एक चावी. तिच्या दोन चाव्यांपेक्षा जुनी, गंजलेली, दोऱ्यात ओवलेली.

आतून पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. नळ पिळल्याचा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. पाय मागे वळत होते. मृणाल फोनवर ‘‘काय गं? काय?’’ करत होती. रचनानं दार ढकललं.

रतनमावशी जमिनीवर बसल्या होत्या. भिंतीतलं कपाट सताड उघडं, कपडे एका बाजूला सारलेले. मांडीवर चौकट घेऊन त्या पदराच्या टोकानं काच पुसत होत्या.

‘‘आगो बाय!’’ त्या दचकल्या. चौकट छातीशी धरली. ‘‘तू कशी आली एवढ्यात?’’

रचनाच्या हातात सुरी तशीच होती, ती तिनं घाईनं मागे लपवली.

‘‘तुमच्याकडे चावी आहे?’’

‘‘माजा घर हाय. चावी नसेल?’’

‘‘मावशी, मी मरणाची घाबरलेले! रोज! दाराला खुर्ची लावून झोपते मी!’’

म्हातारी बावरली. कोणीतरी आपल्याला घाबरलंय, ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरेचना. ‘‘मना? मना घाबरली?’’ मग तिचा आवाज चढला. ‘‘आनि तू नल सोडून जातेस त्याचा काय? ड्रम भरून पानी वाहत राहतो तासतास. पलीकडं माज्या देवघराची भिंत वली झाली. मी गुडगं धरत येते रोज, नल पिलते, जाते. दोनदा सांगाला आली, तू फोनवर बोलत हतीस.’’

‘‘आणि कपाट?’’

मावशी चौकटीकडे बघत राहिल्या.

‘‘मोरीची भिंत न् कपाटाची भिंत एकच. तुज्या कापडांना बुरशी धरेल म्हनून बगाला उघडला.’’ त्यांनी बोटानं काचेची कड दाखवली. आतल्या कागदावर, बाबासाहेबांच्या निळ्या कोटाच्या खांद्यावर, ओलीचा पांढुरका डाग चढला होता. ‘‘ह्यांना पन धरली गो बुरशी. रोज पुसते. आतली काय निघत नाय.’’

रचना त्या डागाकडे बघत राहिली. तिच्याच नळाचं पाणी भिंतीतून झिरपून तिथपर्यंत पोहोचलं होतं.

‘‘कधीपासून माहितेय तुम्हाला?’’

‘‘झालं आठेक दिवस.’’ मावशींनी श्वास सोडला. ‘‘तवापास्नं मना झोप नाय. ओवालायचा मीच बोलून बसली तुला. आता नको कसा बोलू? बोलली तर तू रडशील. नाय बोलली आनि भावकीला कललं तर तानाजीला तोंड दावाला जागा नाय ठेवनार. बग, मी तरी काय करू?’’

म्हणजे भिंतीच्या अलीकडे एक जागी आणि पलीकडे दुसरी. रचनाला हसू येईल असं वाटलं, पण आलं रडूच. ती त्यांच्या समोर बसली.

‘‘मी ओवाळणार नव्हतेच मावशी. तुम्ही नको म्हणायच्या आधीपासून. आम्ही करत नाही. आबांना चालणार नाही, आणि मलाही.’’

‘‘तू नाय बोलतेस?’’ मावशींचा चेहरा पडला. सुटका झाली याचा आनंद करावा, की आपल्या देवीला नाही म्हटलं याचा राग धरावा, ते त्यांना ठरवता येईना. ‘‘मग त्याच दिवशी बोलाचा ना!’’

‘‘भीती वाटली. खोली जाईल म्हणून.’’

मावशी जाईल म्हणाल्या नाहीत, राहील असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी चौकट तिच्याकडे दिली आणि जमिनीवर हात टेकून उठायला लागल्या. गुडघे कुरकुरले. रचनानं दंडाला धरून उठवलं.

‘‘आता कोन ओवालनार?’’ दाराशी जाऊन त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

‘‘तुम्ही ओवाळा ना,’’ रचना म्हणाली. मुद्दाम नाही, सहज तोंडून गेलं. ‘‘देवी तुमची, दार तुमचं.’’

मावशींनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिनं मघाशी त्यांच्याकडे बघितलं होतं. घाबरून.

‘‘आणि मावशी,’’ रचनानं गोळा करून करून उरलेलं धैर्य लावलं, ‘‘नळ मी बंद करून जाईन. कपाट मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही.’’

‘‘मोठी शानी,’’ म्हातारी म्हणाली. चावी मात्र कुलपातून काढून घेऊन गेली. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, ‘‘ती चौकट परत कपाटात नको ठेऊ. ती भिंत वलीच राहनार. समोरची सुकी हाय. पन काँक्रीटची, खिला जाचा नाय.’’

मृणाल अजून फोनवर होती. ‘‘ओरडू का?’’ तिनं विचारलं.

पालखी आली त्या दिवशी रचना घरातच थांबणार होती. पण ढोल गल्लीत शिरले तसा शेजारून हाका येऊ लागल्या. ‘‘रचना! गो रचना! हात दे!’’ ती धावली. रतनमावशी हातात ताट घेऊन उंबऱ्यावर उभ्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, पांढरं कपाळ, ताटातली निरांजनं थरथरत होती. ‘‘पायरी उतरवत नाय मना. धर.’’

रचनानं कोपर धरलं. दोघी एकेक पायरी खाली आल्या. ढोलवाल्यांपैकी एकानं बघितलं आणि त्याची टिपरी चुकली. बायकांत कुजबुज झाली. मावशींनी कोणाकडे बघितलं नाही. त्यांनी देवीला ओवाळलं, एकदा, दोनदा, आणि मग वारं लागून एक वात विझली. ती विझली तशी गर्दीतून कोणीतरी जिभेनं च्यक् केलं.

तानाजी पालखीच्या दांड्याखालून बाहेर आला. खांद्यावर गुलाल, तोंड लाल. ‘‘आये, तू कशाला ओवालतेस? ही ओवालनार हती ना?’’ तो रचनाकडे वळला. ‘‘काय गं, तू का नाय ओवाललंस?’’

ढोल थांबले होते. कोळीण, पानवाला, बाजूच्या सगळ्या बायका बघत होत्या. मावशींचं कोपर तिच्या हातात होतं. महिपतनं सांगितलं होतं, विचारलं तर सांग. विचारलं होतं.

‘‘आम्ही बौद्ध आहोत, दादा,’’ ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. ‘‘बौद्ध. आमच्यात पूजा करत नाहीत. म्हणून मावशींना मी म्हटलं, तुम्हीच करा.’’

तानाजीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याच्या खालच्या ओळीतला एक दात वाकडा आहे, हे तिनं अशा वेळीही टिपलं.

‘‘ऐकलास ना?’’ मावशी म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मोठा होता. ‘‘आता नारल फोड. देवी ताटकलली हाय.’’

त्यानं नारळ फोडला. रचनाकडे बघितलंही नाही. पालखी पुढे गेली, बायका तिच्यामागे गेल्या, आणि पायरीवर दोघी राहिल्या.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. गल्लीतून जाताना दोन बायकांनी बोलणं थांबवलं, एकीनं मात्र जेवलीस का म्हणून विचारलं. जयंतीला ती पांढरी साडी नेसून, सगळ्यांच्या देखत, कुलूप लावून, चौकट बरोबर घेऊन मोहन्याला गेली. आबांनी डागाळलेली चौकट हातात घेऊन पाहिली, पुसली, मागची खिट्टी बदलून दिली. आईनं विचारलं, ‘‘खोली?’’ रचना म्हणाली, ‘‘अजून काही बोलले नाहीत.’’ आईनं सावंतांचं नाव काढलं नाही.

रविवारी ती कपडे पिळत होती, तेव्हा गल्लीत बुलेट वाजली. जवळ आली, तिच्या दाराशी थांबली. रचनानं पिळता पिळता दात आवळले. सामान कुठल्या बॅगेत भरायचं, टेम्पो कोणाचा सांगायचा, सगळं क्षणात डोक्यातून गेलं. दारावर थाप पडली.

तानाजी उभा होता. हातात जडशी पिशवी. डोळे तिच्याकडे नाहीत, तिच्या मागच्या भिंतींवर. कपाटाच्या भिंतीवर, मग समोरच्या.

‘‘आई बोलली, काँक्रीटची भिंत हाय,’’ त्यानं पिशवीतून ड्रिल मशीन काढली आणि प्लग शोधायला लागला. ‘‘खिला जाचा नाय म्हनं.’’

तो अजून चिडलेलाच होता. भुवया जुळलेल्या, आवाज रुक्ष. वायर सोडवता सोडवता तो पुटपुटला, ‘‘मनाच काम लावते म्हातारी.’’ मग सुक्या भिंतीसमोर उभा राहिला.

‘‘कुठं पाहिजे?’’

रचनानं ओले हात ओढणीला पुसले. बोट वर केलं. भिंतीला टेकवून धरलं.

‘‘इथं,’’ ती म्हणाली.